थंड हवेच्या ठिकाणचे घर आणि त्याचा खरा भाव

स्थावर मिळकतीचा व्यवहार करणाऱ्याने दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखाव्यात. मालक जो आकडा बोलतो तो एक, आणि त्या मिळकतीचे जे मोल ठरते ते दुसरे. शेताच्या बाबतीत हा भेद आपल्याकडील शेतकऱ्यास शिकवावा लागत नाही. काळी किती खोल आहे, विहिरीस चैत्र-वैशाखात किती पाणी राहते, गाडीवाट कोणाच्या बांधावरून जाते, सातबाऱ्यावर बोजा कोणाचा आहे, हे विचारल्यावाचून तो इसार देत नाही. परंतु तोच मनुष्य डोंगरावरील बंगला पाहावयास गेला म्हणजे धुके आणि गार वारा पाहून आपली सारी चौकशी घरीच ठेवून येतो.

हा विषय या मासिकात घेण्याचे कारण असे की, नांदेड व लातूर जिल्ह्यांत कित्येक कुटुंबांच्या हाती एकदम मोठी रोख रक्कम येते. कोणाची जमीन रस्त्यासाठी संपादित होते, तर कोणाचे शहरालगतचे शेत प्लॉटांसाठी विकले जाते. अशा घरी महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, चिखलदरा येथील घरांची रंगीत पत्रके घेऊन दलाल वेळ न गमावता येतात. असे घर घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या पैशाने पुन्हा जमीन घेता आली असती, तो पैसा घालण्यापूर्वी भाव कसा पारखावा, आणि घेतलेले घर पुढे विकावयाचे झाल्यास भाव कसा सांगावा, हे समजून घेणे अवश्य आहे.

या ठिकाणांचे मूळ

महाबळेश्वर येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास आरोग्यस्थान वसविले. माथेरान ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस १८५० साली आले. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचा शोध हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन यांनी १८२३ साली लावल्याचे सांगतात. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने अंमलदारांनी तेथे जाऊन राहावे, हा सर्वत्र मूळ हेतू होता. म्हणजे ही हंगामाची ठिकाणे आहेत, बारमाही वस्तीची नव्हेत. हंगामाच्या घराचे मोल हंगामाच्या हिशेबानेच केले पाहिजे.

या इतिहासातून दुसरीही गोष्ट निघते. महाबळेश्वर व माथेरान येथील पुष्कळ जुने बंगले सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या जागांवर उभे आहेत. तेथे भिंती व छप्पर विकत मिळाले तरी खालची जमीन मिळत नाही. पट्ट्याची मुदत किती उरली आहे, नूतनीकरण झाले आहे काय, हस्तांतरणास कलेक्टरांची परवानगी लागते काय, व नजराणा कोणी भरावयाचा, ही चार उत्तरे कागदावर मिळाल्यावाचून अशा घराचा भाव बोलताच येत नाही. वर्ग एकच्या जमिनीचा भाव वर्ग दोनच्या जमिनीस आपण देत नाही. तोच न्याय येथे लावावा.

भावाची तीन मापे

पहिले माप उत्पन्नाचे. उदाहरणादाखल काही आकडे धरून चालू. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या व्यवहारातील आकडे घालावेत. एका घराचा भाव ८०,००,००० रुपये सांगितला आहे. वर्षातील ९० रात्री ते भाड्याने जाईल व रात्रीस ४,००० रुपये मिळतील असे मानू. जमा ३,६०,००० रुपये झाली. पाहुणे आणून देणारा त्यांतील एक-पंचमांश, म्हणजे ७२,००० रुपये घेईल. राखणदारास दरमहा १०,००० प्रमाणे १,२०,००० रुपये जातील. गळती, ओल व रंग यांस ६०,००० आणि वीज, पाणी, कर व देखभालीची वर्गणी यांस ६०,००० रुपये धरू. एकूण खर्च ३,१२,००० रुपये झाला व हाती ४८,००० रुपये राहिले. ऐंशी लाखांवर हे शेकडा साठ पैसे पडतात. हीच रक्कम शेकडा सहा दराने बँकेत ठेवली तर ४,८०,००० रुपये व्याज येते, म्हणजे दसपट.

मग कोणी म्हणेल की, आम्ही घर भाड्यासाठी घेत नाही, आपल्या कुटुंबाच्या सुखासाठी घेतो. सुखाचे मोल खोटे नाही. फक्त ते मोजून द्यावे. वरील हिशेबात दरसाल ४,३२,००० रुपयांचे व्याज आपण सोडतो. कुटुंब तेथे वर्षातून पंधरा दिवस राहिले, तर एका दिवसाचे सुख २८,८०० रुपयांस पडले. इतक्या पैशांत त्याच गावी एकाहून अधिक चांगल्या खोल्या भाड्याने मिळतात आणि छप्पर गळल्याची काळजी दुसऱ्याची असते. हा हिशेब कळूनही ज्यास घर हवे आहे, त्याने अवश्य घ्यावे. तो फसला असे कोणी म्हणणार नाही.

प्रामाणिकपणासाठी येथे हेही सांगितले पाहिजे की, शहरालगतच्या शेताचा भावसुद्धा पिकाच्या उत्पन्नावर उभा नसतो. ठोक्याच्या रकमेशी ताडून पाहिल्यास तोही फुगलेलाच दिसेल. दोहोंतही पुढे भाव वाढेल या आशेचा अंश असतो. भेद इतकाच की, शेत पडीक पाडले तरी झिजत नाही. घर मात्र दरवर्षी झिजते. शिवाय आशेलाही खर्च असतो. मुद्रांक, नोंदणी, वकील व दलाली मिळून घेताना शेकडा आठ आणि विकताना दलालीचे शेकडा दोन मानले, तर घराचा भाव सुमारे दहा टक्के वाढेपर्यंत मालक मुद्दलातही येत नाही.

दुसरे माप शेजारच्या विक्रीचे. मोंढ्यात तुरीचा भाव शेतकऱ्याच्या खर्चावरून ठरत नाही. त्या दिवशी तशाच मालाचे सौदे कितीवर तुटले यावरून ठरतो. घराचेही तसेच आहे. ‘येथे भाव अमुक चालला आहे’ असे दलाल म्हणतो, तेव्हा तो बहुधा मागणीचा भाव सांगत असतो. झालेला भाव दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांत असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव व गट क्रमांक वा मिळकत क्रमांक घालून सूची क्रमांक २ पाहता येते. तीत मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्र व तारीख ही चारही दिसतात. मागील दोन-तीन वर्षांतील, त्याच रस्त्यावरील, जवळजवळ तेवढ्याच क्षेत्राचे पाच-सहा दस्त काढावेत व प्रत्येकाचा चौरस फुटाचा दर मांडावा. एकाच दस्तावर भिस्त ठेवू नये. तो भावाभावांतील व्यवहार असू शकतो, अडचणीतील विक्री असू शकते, किंवा त्यातील आकडाच खोटा असू शकतो. चार दर जवळ आले व दोन लांब पडले, तर त्या चारांवर विश्वास ठेवावा.

तिसरे माप सरकारी दराचे. दरवर्षीच्या बाजारमूल्य दर तक्त्यावरून मुद्रांक शुल्काची आकारणी होते. प्रत्यक्ष मोबदला व तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क पडते. परंतु हा दर विभागवार असतो. एका घरासमोर दरी आहे व दुसऱ्यासमोर गटार आहे, हे तक्त्यास दिसत नाही. म्हणून हा दर करासाठी खरा धरावा. भावासाठी तो केवळ खूण आहे.

भावातून काय वजा करावे

तीन मापांनी जो आकडा येईल त्यातून दोषांचे मोल वजा केले पाहिजे. महाबळेश्वरास वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लातूरच्या पावसाच्या तो सहा-सात पट होय. पूर्वी तेथील बंगल्यांच्या भिंती पावसाळ्यापूर्वी गवताच्या झडपांनी झाकून घेत असत, यावरून त्या पावसाचा मारा ध्यानात यावा. लोखंड गंजते, लाकूड कुजते, भिंतीस बुरशी येते, आणि दिवाळीत दिलेला रंग हे सारे झाकून टाकतो. यासाठी नियम असा करावा की, भाव हंगामात ऐकावा, परंतु घर आषाढात पाहावे. उलट, पाण्याची चौकशी वैशाखात करावी. आषाढात धो धो पाऊस झेलणाऱ्या डोंगरावरही उन्हाळ्यात टँकर लागू शकतो. कारण पाणी खडकावरून वाहून जाते, मुरत नाही.

जागेचा उतार हा याहून मोठा दोष होय. पुणे जिल्ह्यातील माळीण २०१४ साली, रायगड जिल्ह्यातील तळीये २०२१ साली व इर्शाळवाडी २०२३ साली दरडीखाली गाडली गेली. त्या बंगल्यांच्या वसाहती नव्हत्या, गरिबांच्या वाड्या होत्या. परंतु कोसळणारा डोंगर मालकाची ऐपत पाहत नाही. घरासाठी मागची टेकडी किती कापली आहे, आधाराची भिंत आहे काय, भिंतीतून पाणी बाहेर पडण्यास भोके ठेवली आहेत काय, हे स्थापत्यतज्ज्ञास दाखवावे. सातारा जिल्ह्याने १९६७ साली कोयनेचा भूकंप सोसला आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरांची जी दशा झाली ती पाहिलेल्या आपल्या लोकांस पायाची चौकशी करा असे निराळे सांगावे लागू नये.

कायद्याचाही उतार असतो. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ साली व माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तेथे बांधकाम, झाडतोड व जमिनीचा वापर यांवर कडक निर्बंध आहेत. ‘पुढे वरती आणखी एक मजला काढता येईल’ असे सांगून त्या न काढलेल्या मजल्याचा भाव जो मागतो, त्यास मंजूर नकाशा मागावा. नकाशात नसलेल्या खोलीस एक पैसाही देऊ नये. ती पाडण्याचा खर्च उलट आपणावर येतो.

हमीच्या उत्पन्नाची कथा

काही योजनांत असे सांगतात की, घर तुम्ही घ्या, चालवू आम्ही, आणि तीन वर्षे दरसाल सहा लाख रुपये हमीने देऊ. हे ऐकण्यास फार गोड वाटते. परंतु साठ लाखांचे घर ऐंशी लाखांस विकले असेल, तर वीस लाख जास्त घेऊन त्यांतील अठरा लाख तीन हप्त्यांत परत केले, एवढाच त्याचा अर्थ होतो. विकणाऱ्यापाशी दोन लाख उरले, आणि चौथ्या वर्षी मालकाच्या हाती साठ लाखांचे, तीन पावसाळे खाल्लेले घर राहिले. म्हणून अशा योजनेतील घराचा भाव हमी बाजूस ठेवून, वरील तीन मापांनीच काढावा. फरक निघाला तर तोच हमीचा खरा पैसा होय.

योजना मोठी आहे एवढ्यावरूनही निश्चिंत होऊ नये. पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यात वसविलेल्या लवासा या डोंगरी शहराचे काम २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबविले, आणि २०१८ साली ते चालविणाऱ्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ज्यांनी पुढे होणाऱ्या शहराचा भाव आधीच दिला होता, त्यांच्या हाती तेवढे शहर आले नाही. नव्या योजनेत घर घ्यावयाचे असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा, भाव चटई क्षेत्रावर मांडून घ्यावा, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. तशी मागण्यास विकासकास कायद्यानेच मनाई आहे.

सातबारा असणारांस इशारा

आपल्या राज्यात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येते. त्यामुळे डोंगरी भागात जमीन हवी असलेले, परंतु शेतकरी नसलेले लोक आपल्या वाचकांच्या सातबाऱ्याकडे डोळा ठेवून असतात. ‘पैसा आमचा, नाव तुमचे, तुम्हांस चार लाख’ असा तो प्रस्ताव असतो. हा भाव नव्हे, आमिष होय. बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा २०१६ साली कडक करण्यात आला असून अशी जमीन सरकारजमा होऊ शकते व नाव देणाऱ्यासही शिक्षा होऊ शकते. तसेच आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस घ्यावयाची असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. चिखलदऱ्याच्या परिसरात व आपल्याच जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगरात हे कलम विसरून चालणार नाही. परवानगीवाचून घेतलेली जमीन स्वस्त पडली असे मानणारा, ती परत द्यावी लागते तेव्हा महाग पडल्याचे जाणतो.

विकणाऱ्यास चार शब्द

आता विकणाऱ्याकडे वळू. त्याची पहिली चूक अशी की, तो आपण दिलेल्या किमतीपासून आरंभ करतो. त्यात व्याज, रंग, फरशी व स्वयंपाकघरातील कपाटे मिळवून तो एक आकडा काढतो व त्यास खरा भाव म्हणतो. परंतु घेणारा आपला खर्च विकत घेत नाही, घर घेतो. सोयाबीनला खत किती घातले हे आडत्या विचारीत नाही. तो दाणा पाहतो, ओल मोजतो.

दुसरी चूक घासाघिशीसाठी भाव चढवून ठेवण्याची. ७० लाखांच्या घराचे ९५ लाख सांगितले, तर ७० लाख देऊ शकणारा मनुष्य ते पाहावयासच येत नाही, आणि ९५ लाख देणारा त्याहून चांगले घर शोधतो. घर एक हंगाम पडून राहते, मग दुसरा. राखणदाराचा पगार व गळतीचा खर्च चालूच राहतो. गिऱ्हाइके विचारू लागतात की, हे इतके दिवस का विकले नाही. शेवटी ते ६२ लाखांस जाते. आरंभी ७१ लाख सांगून ७० लाखांस सोडले असते तर आठ लाख व दोन वर्षे वाचली असती. म्हणून तीन मापांनी आलेल्या भावाच्या अगदी जवळचाच आकडा पहिल्या दिवशी सांगावा, त्यास आधार म्हणून शेजारच्या दस्तांची यादी घेणाऱ्यापुढे ठेवावी, आणि मग त्यावर ठाम राहावे. आधार दाखविणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करणे घेणाऱ्यासही जड जाते.

तिसरी गोष्ट दोष सांगण्याची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, जो महत्त्वाचा दोष घेणाऱ्यास साध्या सावधगिरीने कळण्यासारखा नाही व विकणाऱ्यास ठाऊक आहे, तो उघड करणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. पावसाळ्यात तळघरात पाणी येते, पट्टा सात वर्षांत संपतो, शेजाऱ्याशी वाटेचा दावा चालू आहे, हे आधीच सांगितल्याने भाव थोडा कमी होतो. मागाहून उघडकीस आल्याने व्यवहार मोडतो व कोर्टाची पायरी चढावी लागते.

दस्तातील आकडा

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. भाव सत्तर लाख ठरवून दस्तात पंचेचाळीस लाख लिहावयाचे व उरलेले पिशवीतून द्यावयाचे, ही चाल ज्यांस सोयीची वाटते त्यांनी पुढील हिशेब पाहावा. दस्तातील मोबदला सरकारी मूल्यापेक्षा एक-दशांशाहून अधिक कमी असेल तर विकणाऱ्यास सरकारी मूल्य धरूनच आयकर लागतो, आणि तो फरक घेणाऱ्याचेही उत्पन्न धरला जातो. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रुपये रोखीने घेण्यास सामान्यतः मनाई असून तितकाच दंड होऊ शकतो. ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्यावर कर पडत नाही, परंतु डोंगरावरील घर विकल्यावर पडतो. ज्याने घेताना पंचेचाळीस लाख लिहिले त्याचे पंचवीस लाख खर्च म्हणून कोठेच दिसत नाहीत. पुढे तो सत्तर लाखांस खरा दस्त करू गेला, तर न झालेल्या नफ्यावर कर भरील.

आणि याहून मोठी हानी गावाची आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात बाजारमूल्य ठरविताना सरकारी दरासोबत मागील तीन वर्षांत नोंदलेल्या खरेदीखतांचा विचार होतो. त्यांतील अधिक किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात, आणि दोहोंपैकी जास्त ते मूल्य धरतात. म्हणजे आज आपल्या शिवारात कोणी वीस लाखांचा व्यवहार आठ लाखांचा म्हणून नोंदविला, तर उद्या रस्ता आल्यावर त्या आठ लाखांचा दाखला शेजाऱ्याच्या मोबदल्याच्या आड येतो. मोबदला कमी मिळाल्याची तक्रार करण्यास तहसील कचेरीत येणाऱ्या गावकऱ्यांच्या प्रकरणांत त्यांच्याच गावचे असे दस्त जोडलेले आम्ही नोकरीत असताना पाहिले आहेत. सही त्यांच्याच भाऊबंदांची होती. तेथे कोणास काय बोलणार!

डोंगरावरील घर असो की गोदाकाठची काळी असो, तिन्ही मापांनी भाव काढावा, दोष वजा करावेत, मनातला आकडा तोंडाने बोलावा आणि तोंडाने बोललेलाच दस्तात लिहावा. एवढे केल्यावर ज्यास घर घ्यावेसे वाटेल त्याने सुखाने घ्यावे, आणि ज्यास वाटणार नाही त्याने त्या पैशाचे दुसरे काय करावयाचे हे घरच्या मंडळींसह बसून ठरवावे.